पदरावरचं उलटं गाव

सुरतेत प्लेग येऊन गेला त्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत आमच्या नवागामच्या गल्लीने कच्छला जायला बस ठरवली. दिवाळीत मिल लाभपाचमपर्यंत, म्हणजे भाऊबीजेनंतरच्या पंचमीपर्यंत, बंद असतात. एरवी सगळे खानदेशात आपापल्या गावी जातात आणि गल्लीत कुत्री तेवढी उरतात. त्या वर्षी कुणीतरी म्हणालं, गाव काय पळून जातं का, एकदा माताजीचं दर्शन करून येऊ. आमच्या घरून मी, हे आणि माझी मोठी जाऊ, असे तिघं निघालो. हे पांडेसऱ्याला साडीच्या मिलमध्ये टेबलावर छपाई करायचे. जावेला मी बाई म्हणते. बाईंचं तोंड बारा महिने चालू असतं, त्यामुळे घरात माझ्या वाटणीचं बोलायचं काही उरतच नाही. मला ते बरं वाटतं.

कुणी मला काही विचारलं की मी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढते आणि त्याचं टोक दोन्ही हातांत धरून बघत बसते. लहानपणापासूनची सवय आहे. चौथीत असताना शाळेतल्या बाईंनी फळ्यावर नदी काढायला सांगितली होती, तेव्हाही मी आधी ओढणीचं टोक बघितलं आणि मग नदी काढली. नदी चांगली आली होती. त्याच वर्षी शाळा सुटली. तर सांगायचं म्हणजे, माझ्या सगळ्या साड्यांची टोकं मला पाठ आहेत. माणसांचे चेहरे तेवढे पाठ नाहीत.

दर्शन झालं आणि परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने चहाच्या टपरीपाशी बस थांबवली ती थांबवलीच. सगळे चढून बसले तरी तो खालीच उभा. मग दाराशी येऊन हात जोडून म्हणाला, "एक अरज छे. आजे भाईबीज छे. मारी बेन खडीरमां रहे छे. चार वरस थयां, गयो नथी."

पुरुष कुरकुरले. रस्ता सोडून खडीरच्या बेटापर्यंत एवढं आत जायचं, म्हणजे एक दिवस गेला. पण बसमध्ये बायका जास्त होत्या आणि त्यातली प्रत्येक जण त्या दिवशी आपल्या भावाला सोडून आली होती. बाई उभ्या राहिल्या. "चाल भाऊ, चाल! आज बहीणले भेटाले नही जाशी ते कवय जाशी?" आणि पुरुषांकडे वळून, "कोनले उतरनं व्हई त्यानी उतरी जावा."

कुणी उतरलं नाही. आजूबाजूला काटेरी झुडपांशिवाय काही नव्हतं.

मग ते मीठ आलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, नजर पोचेल तिथपर्यंत, पांढरं. एवढं पांढरं मी फक्त छपाईच्या आधीच्या कापडात बघितलं होतं. त्या पांढऱ्यावरून जंगली गाढवांचा एक कळप बसच्या बरोबरीने धावायला लागला. ड्रायव्हरने हॉर्न दिला, गाढवं आणखी जोरात, बस आणखी जोरात. सगळी बस ओरडायला लागली, म्हातारेसुद्धा. मी पदर दातात धरून हसत होते. 

ड्रायव्हरची बहीण ओवाळायचं ताट घेऊन दारात आली आणि बघते तर भावाच्या मागे पन्नास माणसं.  मग आत जाऊन आणखी कुंकू घेऊन आली आणि सगळ्या पुरुषांना रांगेत बसवून टिळा लावला. आमचे हे रांगेत शेवटी बसले होते. टिळा लावून घेताना यांचे डोळे भरले आणि हे म्हणाले, धूळ गेली. बाजरीचे रोटले झाले, ताक झालं. मग तिचा नवरा म्हणाला, चला, तुम्हाला जुनं गाव दाखवतो. तो तिथल्या खोदकामावर मजुरीला होता. दिवाळीमुळे काम बंद होतं आणि टेकडीवर एक चौकीदार सोडला तर कुणी नव्हतं.

धोळावीरा म्हणतात त्याला. हजारो वर्षांपूर्वीचं शहर. मला वाटलं होतं, नुसते दगड असतील. दगडच होते, पण त्यांच्यात गल्ल्या होत्या. आमच्यासारख्याच, एकमेकींना कोपर मारत जाणाऱ्या. खडकात खोदलेले पाण्याचे टाके होते आणि त्यात उतरायला पायऱ्या, एकीखाली एक, बघता बघता मान दुखेल इतक्या. एका ठिकाणी जमिनीखाली दगडाने बांधलेली मोठी नाली निघाली. त्या मजुराने सांगितलं, ही गावाच्या पाण्याची. बाई तिच्यात वाकून बघत ओरडल्या, "वं माय! गटार शे गटार! आपला नवागामले आजून नही आनि हाई मरेल लोकेसले व्हती!"

सगळी टेकडी हसली. कुणीतरी म्हणालं, आपल्या नगरसेवकाला इथे आणून पुरा, म्हणजे शिकेल काहीतरी.

जमिनीवर सगळीकडे खापऱ्या पडल्या होत्या. मजूर म्हणाला, बघा, पण जिथली तिथे ठेवा, एकही न्यायची नाही. बाकीचे पुढे गेले आणि मी बसले. लाल खापरीवर काळ्या रेघा. एकीवर खवल्यांचे मासे, एकीवर पिंपळाचं पान, एकीवर एकमेकांत अडकलेले गोल. कुणीतरी मडकं भाजायच्या आधी काडीने ओढलेल्या. पिंपळाच्या पानापाशी एक रेघ जरा वाकडी गेली होती. काढणारीचा हात हलला असेल. मागून कुणी हाक मारली असेल, नाहीतर पोर रडलं असेल. ती वाकडी रेघ बघून मला इतका आनंद झाला की मी इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहत तर नाही ना.

कागद नव्हता. बटव्यात ओल्या टिकलीची बाटली होती, लाल रंगाची, झाकणाला काडी लावलेली. मी बाही वर केली आणि मनगटापासून कोपरापर्यंत सगळं काढून घेतलं. मासे, पान, गोल, पायऱ्या. डावा हात संपला तेव्हा पोटरीवर गाढवं काढली. वाकडी रेघसुद्धा वाकडीच काढली.

बस निघाली आणि मिठाच्या मध्यावर आलो तेव्हा माझी बाही सरकली. बाईंनी हात बघितला. सुरतेची माणसं आम्ही, आदल्या वर्षी प्लेगात सगळी गल्ली तोंडाला फडकी बांधून बसलेली. बाई किंचाळल्या, "इन्हा आंगवर काय उठनं वं!" आणि पुढच्या क्षणाला बस थांबली होती, माणसं दारातून, मागच्या खिडकीतून खाली उड्या मारत होती, आणि आत मी एकटी. ड्रायव्हर बाहेरून विचारत होता, ताप आहे का, गाठ आहे का. मला सांगायचं होतं की टिकली आहे.  पण मी नुसता हात पुढे केला. त्याने सगळे आणखी दहा पावलं मागे गेले.

हे चढले. माझ्याजवळ येऊन माझा हात धरला, बोटाला थुंकी लावली आणि एका माशावर घासलं. मासा पुसला गेला. यांनी बोट सगळ्यांना दाखवलं. बाहेर मिठावर उभी ती पन्नास माणसं जी काय हसली! बाई तर खाली बसून मांडीवर थापा मारत होत्या. सुरत येईपर्यंत कुणीही शिंकलं की दुसरा म्हणायचा, "थुंकी लाव रे."

पण एक मासा गेला तो गेलाच.

घरी आले आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. घडी केलेल्या साडीच्या आत जो पुठ्ठा असतो तो आमच्या घरात ढिगाने असायचा, कारण मी आणि बाई घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम करायचो. त्या पुठ्ठ्यांवर मी काढत सुटले. भाकरी थापताना परातीतल्या पिठावर पायऱ्या. दारात रांगोळीची गाढवं. हे जेवायला बसले की ताटाखाली पुठ्ठा, पाणी प्यायला उठले की गादीखाली पुठ्ठा. बाई म्हणायच्या, "हाई घर शे का गधडास्ना गोठा?"

शेवटी एक मोठं चित्र जमलं. खाली टाक्याच्या पायऱ्या, त्यावर मडक्यांची रांग, मग गल्ल्या, मग वेशीचा दरवाजा, आणि सगळ्यात वर मिठावरून धावणारी गाढवं. मधली सगळी जागा मी पांढरी सोडली होती. आणि गाढवांच्या मध्ये अगदी एवढीशी आमची बस. खिडक्यांत टिकल्यांएवढी डोकी.

यांना ते डब्याखाली सापडलं. बराच वेळ बघून हे म्हणाले, "शेठ नवी डिझाइन, नवी डिझाइन म्हणून रोज डोकं खातो. दाखवू का?"

मी मान हलवली.

"पदराखालून कळत नाही. हो म्हणालीस की नाही?"

मलाही कळलं नव्हतं. कुणाला माझं नाव कळलं असतं तर मी लाजेने मेले असते. पण मला एकदा, फक्त एकदा, ते गाव कापडावर बघायचं होतं. कुठलीतरी अनोळखी बाई ते नेसून रस्त्याने चालताना बघायचं होतं. दुसरं काही नको होतं. हे म्हणाले, कुणी काढलं ते सांगणार नाही. मग मी चित्र पुढे केलं. पदराचं टोक कुठे येणार ते मिलमधल्या डिझाइनच्या मास्तरला कळावं म्हणून चित्राच्या वरच्या काठावर चौथीच्या अक्षरात लिहिलं: टोक.

पुढचे पंधरा दिवस मी रोज यांना एकच विचारायची. हे घरात आले की पाण्याचा तांब्या द्यायचा आणि भुवया वर करायच्या. "मास्तरने ट्रेसिंग केलं." "साडीच्या अंगाच्या स्क्रीन झाल्या." "पदराची स्क्रीन वाळतेय." स्क्रीन म्हणजे छपाईची जाळी लावलेली चौकट. एके दिवशी म्हणाले, "उद्या टेबलावर." त्या दिवशी मी वरणात दोनदा मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हे सायकल हाकत दारात आले. दुपारी हे कधी घरी आले नव्हते. मला वाटलं, हात भाजला. हे म्हणाले, "चल मिलमध्ये. गाढवं उलटी पडलीत."

मला काही कळेना. बाई टिकल्यांचं ताट टाकून उठल्या. "कोन पडनं?"

सायकल दारात टाकून तिघं रिक्षात बसलो, तिथे यांनी सांगितलं ते असं. एका टेबलावर बारा साड्या छापल्या. वाळायला टांगल्या तेव्हा शेठ आला आणि बघतो तर पदरावर सगळं उलटं. मडकी तोंडावर, गाढवांचे पाय आभाळाकडे. शेठ मास्तरवर ओरडला. मास्तर म्हणाला, मेरी क्या गलती, चित्रावर वरती टोक लिहिलंय, मी वरची बाजू टोकाला घेतली. शेठ म्हणाला, ज्याने काढलं त्याला आत्ता आणा, नाहीतर संध्याकाळी स्क्रीन धुऊन दुसऱ्या डिझाइनला घ्या. स्क्रीन धुतली की चित्र गेलं, जसा माझ्या हातावरचा मासा गेला. म्हणून यांना सांगावं लागलं, बायकोने काढलंय.

मी मिलमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. वाफ, रंगाचा वास, पायाखाली ओलं. आणि वर बांबूवर ओळीने माझं गाव, बारा वेळा, डोक्यावर उभं. मला भीतीने हसू फुटलं. मी पदर तोंडात कोंबला.

शेठ खुर्चीत होता. शेजारी पाटावर त्याची आई बसली होती. सगळे तिला बा म्हणत. नवी डिझाइन उतरली की पहिली साडी बांच्या मांडीवर ठेवायची, असा त्या मिलचा रिवाज होता. आज बांच्या मांडीवर उलटी गाढवं होती.

शेठ म्हणाला, "बेन, आ बधुं ऊंधुं केम?" हे सगळं उलटं का, म्हणून.

बाई सुरू झाल्या, "शेठ, ती काय, तिला बोलता येत नाही, मी सांगते ना..."

"तमे चूप रहो," बा म्हणाल्या. "एने बोलवा दो."

सगळी मिल थांबली होती. टेबलांवरची माणसं हातातलं काम सोडून बघत होती. बोलायला मला तोंड सापडेना. मी काय केलं, नेहमी जे करते ते केलं. डोक्यावरचा पदर ओढला, त्याचं टोक दोन्ही हातांत धरलं, डोळ्यांसमोर उचललं आणि बघत राहिले. आणि तेव्हा मलाच कळलं. पदर असा उचलला की टोक वर येतं. मी ते गाव असं काढलं होतं. दुसऱ्याच्या पाठीवरून पदर कसा दिसतो, ते मी आयुष्यात कधी मान वर करून बघितलंच नव्हतं.

बांनी माझ्याकडे बघितलं. मग मांडीवरच्या साडीचं टोक दोन्ही हातांत धरून वर उचललं.

"अरे, आ तो सीधुं छे!" म्हणाल्या. आणि त्या म्हाताऱ्या बाईचं सगळं अंग हलायला लागलं, हसून. "आ तो पहेरनारी माटे छे. जोनारा माटे नथी." नेसणारीसाठी आहे, बघणाऱ्यासाठी नाही.

शेठने कपाळाला हात लावला. "पण बा, दुकानमां तो जोनार आवे छे ने!"

मग आमचे हे, जे शेठपुढे कधी मान वर करत नाहीत, ते म्हणाले, "शेठ, पल्लूची स्क्रीन वेगळी आहे. फिरवून ठेवतो. झालं."

 सगळ्यांनी त्या स्क्रीनकडे बघितलं. लाकडाची चौकट, दोन माणसांनी उचलायची आणि उलटी करून ठेवायची. एवढंच होतं. सकाळपासून आरडाओरडा चालला होता आणि हे कुणाला सुचलं नव्हतं. मास्तर म्हणाला, "हाँ तो, इतना हल्ला काहे को किया?" शेठ त्याच्याकडे असा बघत होता की बाईंना हसू आवरेना, मग आम्हाला कुणालाच आवरेना.

स्क्रीन फिरवली. धुतली नाही.

उलट्या बारांतली एक बांनी ठेवून घेतली, परत द्यायलाच तयार होईनात. उरलेल्या अकरा सेकंडचा माल म्हणून आमच्या गल्लीत आल्या. पुढच्या श्रावणात आमची खानदेशची कानबाई देवी बसली तेव्हा दहाजणी तीच साडी नेसून नाचत होत्या, आणि मध्येच एकेक जण थांबून पदर उचलून बघायची, मग परत नाचायची. बाई सगळ्यांना सांगत होत्या, "मन्ही देरानीनं काढेल शे, मन्ही देरानीनं!" देरानी म्हणजे धाकटी जाऊ. अकरावी मी, आतल्या खोलीत कानबाईच्या नैवेद्याचे रोट करत बसले होते. पण दार उघडं ठेवलं होतं.

तरी माझं बघायचं राहिलंच होतं. सरळ साड्या गाठोडी बांधून बाहेरगावी गेल्या, सुरतेत एकही दिसेना. मी बाजारात प्रत्येक बाईचा पदर बघत चालायची. आता मान वर करून बघायची. चार वेळा माणसांना धडकले.

मग एके दिवशी सकाळी उधन्याहून समोरासमोर बसायच्या शटल रिक्षात बसले. रेल्वेचं फाटक बंद होतं. समोर एक गुजराती बाई येऊन बसली आणि तिच्या अंगावर माझं गाव होतं. गुजराती बायकांचा पदर पुढे येतो, छातीवर पसरतो. पायऱ्या, मडकी, गल्ल्या, दरवाजा, गाढवं, सगळं पायावर उभं, माझ्या गुडघ्यांपासून दोन वीत अंतरावर. माझ्या कानांत वाऱ्यासारखं वाजायला लागलं. 

गाडी काही येत नव्हती. कंटाळून तिने पदराचं टोक उचललं आणि बघायला लागली. तिला आता ते उलटं दिसत होतं. तिने मान वाकडी केली, आणखी वाकडी केली, गाढवांवर बोट ठेवून मोजायला लागली. मला हसू आलं, मोठ्याने. सगळी रिक्षा वळली.

"शुं जुओ छो, बेन?" ती म्हणाली.

मी सवयीने पदर पुढे ओढला. माझ्याही अंगावर तीच साडी होती, उलटी.

"अरे! तमारी पण ए ज!" ती पुढे वाकली. "पण आ तो ऊंधी छे. दुकानवाळाए छेतर्यां तमने." दुकानदाराने मला फसवलं, असं तिला वाटलं.

"ना बेन," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आमां मने देखाय छे." हिच्यात मला दिसतं. आणि माझं टोक तिच्या डोळ्यांसमोर, मी धरते तसं धरलं.

तिने बघितलं. मग एकदम तिचं बोट थांबलं. "आ शुं? बस? जूना गाममां बस?"

तोपर्यंत एवढ्या महिन्यांत ती बस कुणालाच दिसली नव्हती. शेठला नाही, मास्तरला नाही, बाईंनासुद्धा नाही. मी बोलायला लागले. मोडक्या गुजरातीत, मध्ये मराठी, मध्ये अहिराणी. ड्रायव्हरची बहीण, भाऊबीज, मीठ, टिकलीची बाटली, थुंकी. फाटक उघडलं, रिक्षा निघाली, माझं उतरायचं ठिकाण मागे गेलं, मी बोलतच होते. रिक्षावाला आरशातून बघत हसत होता.

"तो तमे चीतर्युं?" तिने विचारलं.

"हा," मी म्हटलं. "में."

ती पदर अगदी नाकाशी नेऊन खिडक्या बघायला लागली. "आमां तमे क्यां?"

मी तिसऱ्या खिडकीवर बोट ठेवलं.

"अहीं तो मोढुं ज नथी," ती म्हणाली. इथे तर तोंडच नाही.

"छे," मी म्हटलं. "पदरनी अंदर छे. हसे छे."